टबातून उठताना

सकाळपासून कळा येत होत्या आणि क्लेमेंटीनने ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

ओटीवर बसून ती केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होती. कळ आली की हातातली सोपटाची दोरी तशीच धरून मान खाली घालायची, कळ ओसरली की गाठ मारायची. अंगणात तिची सासू सालोमी वाल निवडत बसली होती. तिचं लक्ष वालातच आहे असं क्लेमेंटीनला वाटत होतं. नवरा, लुईस, मागे वाडीत केळींना पाणी देत होता. विहिरीवरच्या इंजिनाचा धडधड आवाज घरापर्यंत येत होता.

१९८४ सालचा डिसेंबर होता तो. नाताळ तोंडावर आला होता. गिरीज गावात घरोघर करंज्या तळल्याचा वास सुटला होता, आणि क्लेमेंटीनला त्या वासाने मळमळत होतं.

कळांची तिला तेवढी भीती नव्हती. भीती होती ती टेबलाची.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या वेळी तिला मुंबईला मावशीकडे ठेवलं होतं. मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर, काही कमी पडायला नको म्हणून. तिथे तिला एका उंच लोखंडी टेबलावर आडवं केलं, पाय वर अडकवले, आणि ती फार हलते म्हणून मनगटं पट्ट्यांनी बांधली. मग सगळे निघून गेले. पडद्यापलीकडे कोणीतरी दुसरी बाई ओरडत होती, तिच्याकडे सगळे गेले असावेत. क्लेमेंटीन छताकडे बघत पडून राहिली. तहान लागली होती, पाणी मागितलं तर ऐकायला कोणी नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी लोक धावत आले, गडबड झाली, आणि मूल झालं तेव्हा खोलीत काहीच आवाज झाला नाही. मुलगा होता. तिला दाखवलासुद्धा नाही. बाप्तिस्मा मिळायच्या आधीच गेलेलं मूल, लुईसने ते गावी आणलं आणि सिमेट्रीच्या कडेला, भिंतीशी पुरलं. क्लेमेंटीन तेव्हा मुंबईतच होती, खाटेवर. दूध यायला लागलं होतं आणि प्यायला कोणी नव्हतं.

म्हणून या वेळी तिने नावसुद्धा ठरवू दिलं नव्हतं. लुईसने एकदा विषय काढला तर ती उठून आत गेली होती.

"किती वेळ झाला?" सालोमीने वालावरून नजर न काढता विचारलं.

"कशाला?"

"मला नको शिकवू. सात पोरं काढलीत मी. कवापास्नं जुडी बांधतेस ती एकच."

क्लेमेंटीनने जुडी खाली ठेवली. "आय, घरीच होऊ दे. तुम्ही आहात ना. मी ओरडणार नाही, तुम्ही सांगाल तसं करीन."

सालोमी उठून तिच्यापाशी आली. ती राजोडी गावची, कोणापुढे हार न जाणारी बाई. पण सुनेचा हात धरून तिने मान हलवली. "मी नाय हात लावनार," ती म्हणाली. "एक गेलं. दुसरं माझ्या हातातनं गेलं तर मी कुठं जाऊ? लुईस! ए लुईस!"

लुईस चिखलाच्या पायांनी तसाच धावत आला.

वसईत, जुन्या बाजाराच्या पलीकडे, सिस्टरांचं एक लहानसं हॉस्पिटल होतं. एका जुन्या बंगल्यात दहा-बारा खाटा. टांग्यात नवरा आणि सासूच्या मध्ये बसून जाताना क्लेमेंटीनने रोजरीचे मणी मुठीत धरले होते, पण तिला प्रार्थना आठवेना. अर्ध्यावर आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चाक खड्ड्यात गेलं की पोटात सगळं दगडासारखं घट्ट व्हायचं, आणि ते सैल झालं की ती लगेच हात ठेवून बघायची, आत हालचाल आहे का. एकदा बराच वेळ काही हललं नाही. तिने लुईसकडे पाहिलं. तो टांगेवाल्याच्या पाठीकडे टक लावून बघत होता. मग डाव्या बाजूला एक बारीकशी लाथ बसली आणि तिने दाबून धरलेला श्वास सोडला.

बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडलं तशी ती उंबऱ्यातच थांबली. आत टेबल होतं. त्यालाही लोखंडी पाय, वर पांढरं रेक्झिन.

"ये," सिस्टर बर्था म्हणाली. ती उंच, हाडकुळी, बोलताना डोळ्यांनी हसणारी नन होती. या भागातल्या कितीतरी मुलांचा पहिला श्वास तिने ऐकला होता. "फक्त तपासायचंय."

क्लेमेंटीनने चौकट धरली. सालोमीने मागून हलकेच पुढे ढकललं तर तिने दोन्ही हातांनी चौकट धरली. तिचे दात वाजायला लागले. थंडी एवढी नव्हती.

सिस्टरने जबरदस्ती केली नाही. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि तिथेच, पडदा ओढून, तपासलं. मग कानाला लावायचं ते लाकडी नळकांडं पोटावर टेकवून बराच वेळ ऐकत राहिली. क्लेमेंटीन तिच्या तोंडाकडे बघत होती. पापणी लवली तरी तिला कळलं असतं.

"छान चाललेत ठोके," सिस्टर म्हणाली. "बाळ ठीक आहे. पण तू सगळं अंग आवळून धरलंयस. कळ येते आणि वाया जाते."

एवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. प्रेमलताबाई त्यांचं नाव. तिशीच्या असतील. साडीवर पांढरा कोट, आणि बोलणं थेट. त्यांनी क्लेमेंटीनकडून मुंबईची सगळी हकीकत ऐकून घेतली. ऐकून झाल्यावर सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "बंब पेटवलाय का?"

"सकाळीच पेटवलाय."

बंगल्याच्या मागच्या अंगाला जुन्या मालकाची न्हाणी होती. तिच्यात एक मोठा टब होता, लोखंडाचा, आतून पांढरा मुलामा दिलेला, चार वाकड्या पायांवर उभा. वर्षानुवर्षं त्यात चादरी भिजत पडायच्या. सिस्टर बर्था काही वर्षं बेल्जियममध्ये शिकायला होती. तिकडच्या एका हॉस्पिटलात अडलेल्या, घाबरलेल्या बायकांना कोमट पाण्यात बसवताना तिने पाहिलं होतं. परत आल्यावर तिने प्रेमलताबाईंना सांगितलं. बाईंनी आधी नाही म्हटलं, मग त्यावर वाचलं, मग पुष्कळ विचार करून हो म्हटलं. टब घासूनपुसून, जंतुनाशकाने धुऊन घेतला. आतापर्यंत मोजक्याच बायका त्यात बसल्या होत्या. मूल मात्र पाण्यात होऊ द्यायचं नाही, कळा सोसायला तेवढं पाणी, असं दोघींचं ठरलं होतं.

"पान्यात?" सालोमी म्हणाली. "बाळंतिनीला पान्यात बसवनार तुम्ही? डिसेंबरात? अंगात वारं शिरंल तिच्या. आनि पोर आतच बुडलं म्हंजे?"

"आजी, बाळ आत पाण्यातच असतं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "नऊ महिने पाण्यातच राहिलंय ते."

"ते देवाचं पानी. हे बंबाचं."

डॉक्टरीणबाई क्लेमेंटीनकडे वळल्या. "तुला काय वाटतं? नको वाटलं तर नको. कोणी आग्रह करणार नाही."

क्लेमेंटीनला पाण्याचीही भीती वाटत होतीच. सासू म्हणाली ते खरं झालं तर? पण त्या उघड्या दारातून टेबलाचा एक पाय दिसत होता.

"बांधणार नाही ना?" तिने विचारलं.

"टबात कशाला बांधू?"

"मग बसते."

पाणी कोमट होतं, आंघोळीला काढतो त्याहून जरा कमी गरम. सिस्टरने कोपर बुडवून पाहिलं होतं, तरी पाय आत घालताना क्लेमेंटीनने सालोमीचा खांदा घट्ट धरला. कंबर पाण्याखाली गेली. मग पोट. पुढची कळ आली तशी ती सवयीने ताठ झाली, दात आवळले, डोळे मिटले. कळ आली आणि गेली. दुखलं, पण पाठीवर उलथणं फिरवल्यासारखं जे सकाळपासून होत होतं, ते बोथट झालं होतं. पाण्याने कंबरेखाली हात धरावा तसं काहीतरी झालं. तिने डोळे उघडले.

"कमी आहे?" सिस्टरने विचारलं.

क्लेमेंटीनने मान डोलावली. तिला बोलायचं नव्हतं. बोललं की हा आराम जाईल असं वाटलं.

न्हाणीला वर एक जाळीची खिडकी होती. बाहेरून लुईसचा आवाज आला. पुरुषांना आत यायला मनाई, म्हणून तो वळसा घालून मागच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. "क्लेमेंटीन?"

"हं."

"बरी आहेस?"

"हं."

मग तो म्हणाला, "इंजिन चालूच राहिलं गं. बंद करायचं विसरलो. सगळ्या केळीत पाणी झालं असेल."

"बर्नार्डला निरोप धाड ना. शेजारी आहे तो, करील बंद," ती म्हणाली. बोललं तरी काही गेलं नाही.

"धाडतो," तो म्हणाला, पण हलला नाही. जाळीवर त्याची सावली तशीच राहिली.

दुपार चढत होती. सालोमी स्टुलावर बसून सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारत होती आणि ओठांत पुटपुटत होती. तिने पाण्याकडे बघायचं टाळलं होतं. मधूनमधून सिस्टर एक तपेलं गरम पाणी ओतायची, आणि दर थोड्या वेळाने क्लेमेंटीनला पोट जरा वर उचलायला सांगून नळकांडं टेकवायची. तेवढे क्षण सगळ्यांत वाईट. कळ सोसवत होती, पण सिस्टर ऐकत असताना क्लेमेंटीनच्या कानात स्वतःचेच ठोके एवढे जोरात वाजायचे की वाटायचं, सिस्टरला तेच ऐकू येत असतील, बाळाचे नाही. सिस्टर मान वर करून "ठीक" म्हणायची. मग पुढच्या वेळेपर्यंत जगता यायचं.

एकदा कळ अशी आली की पाणीही तिला थोपवू शकलं नाही. क्लेमेंटीनने टबाची कड धरली. आत काहीतरी फटकन फुटलं. तिला ते कळलं, आणि नंतर तिने खाली पाहिलं.

पाण्यात हिरवट रंग पसरत होता. शेवाळी हिरवा, दाट, तिच्या मांड्यांमधून धुरासारखा वर येणारा.

सिस्टर बर्थाचे डोळे हसायचे थांबले.

तिने नळकांडं लावलं. ऐकलं. पुन्हा ऐकलं. "ठीक" म्हणाली नाही. दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "डॉक्टर!" आणि मग क्लेमेंटीनच्या खांद्यावर हात ठेवला. "आता बाहेर यायचं."

"का? काय झालं?"

"बाळाने आत शी केलीय. त्रास होतोय त्याला. लवकर बाहेर काढायला हवं, आणि पाण्यात मला काही करता येणार नाही. ऊठ."

क्लेमेंटीनने कड सोडली नाही. बाहेर म्हणजे ते टेबल. पाण्यात होती तोवर सगळं ठीक होतं, पाण्यातून उठली की मागच्यासारखंच होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पाय वर, हात बांधलेले, आणि शेवटी ती शांतता. "नाही," ती म्हणाली. "नाही, नाही. मी इथेच. इथेच होऊ द्या."

"क्लेमेंटीन!" खिडकीतून लुईस ओरडला. "काय चाललंय? सिस्टर?"

प्रेमलताबाई आत आल्या, पाणी पाहिलं, आणि गुडघे टेकून टबापाशी बसल्या. कोटाची बाही भिजली. "हे बघ, माझ्याकडे बघ. तुला कोणी बांधणार नाही. आडवंही करणार नाही. सासूबाईंच्या अंगावर रेलून बस, पाय तुला हवे तिथे ठेव. पण मला तुझं बाळ दिसलं पाहिजे. इथे मला ते दिसत नाही."

"ते गेलंय का?"

"नाही. ठोके मंद झालेत. गेलेलं नाही."

"खरं सांगा."

"खरं सांगतेय. पण तू बसून राहिलीस तर मला पुढचं सांगता येणार नाही."

क्लेमेंटीनला पुढे कितीतरी वेळा वाटलं, की आयुष्यात तिने केलेलं सगळ्यांत अवघड काम तेच: त्या कोमट पाण्यातून उठून उभं राहणं. मूल होणं आपोआप झालं, शरीराने केलं. उठणं तिला करावं लागलं. सालोमीने एका बाजूने धरलं, सिस्टरने दुसऱ्या बाजूने. पाणी अंगावरून निथळलं आणि थंडी, वेदना, सगळं एकदम परत आलं. पाणी बोथट करून ठेवत होतं तेवढं सगळं एकाच कळेत. ती ओरडली. ओरडत, ओल्या अंगावर चादर गुंडाळून, एकेक पाऊल टाकत त्या टेबलाच्या खोलीत गेली.

सालोमी स्वतःच आधी टेबलावर चढून बसली, पाठ भिंतीला लावून. "ये, माझ्यावर रेल," ती म्हणाली. तिने सुनेला मागून मिठीत धरलं. क्लेमेंटीनची मनगटं तिच्या हातांत होती, पण ती सुटी होती, हवी तेव्हा ओढून घेता येत होती. तिने दोनदा ओढून पाहिली. दोन्ही वेळा सालोमीने सोडली.

मूल लवकर आलं. डोकं, खांदे, आणि मग सगळं एकदम.

आणि आवाज झाला नाही.

क्लेमेंटीन वाट बघत राहिली. प्रेमलताबाईंनी बाळाला बाजूच्या मेजावर ठेवलं होतं. त्यांची पाठ मध्ये येत होती. त्यांनी रबरी नळीचं एक टोक बाळाच्या तोंडात घातलं, दुसऱ्या टोकाने स्वतःच्या तोंडाने ओढलं, नळीतला हिरवा चिकटा थुंकून टाकला, पुन्हा ओढलं. एक पाय दिसत होता. निळसर, सैल, फडक्यावरून खाली लोंबणारा.

"रडत का नाही?" ती म्हणाली. "आय, ते रडत का नाही?"

सालोमीने सुनेचं तोंड आपल्या खांद्यात दाबून घेतलं. क्लेमेंटीनने मान सोडवून घेतली. या वेळी तिला बघायचं होतं.

सिस्टर बर्था मेजापाशी गेली होती. तिने पेल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. सिस्टर काय करतेय हे क्लेमेंटीनला कळायला एक क्षणही लागला नाही. गावातल्या प्रत्येक बाईला ते माहीत असतं. फादर येईपर्यंत मूल राहणार नाही असं वाटलं की जवळ असेल त्याने बाप्तिस्मा द्यायचा असतो. म्हणजे सिस्टरलाही वाटत होतं की ते राहणार नाही.

"डॉक्टर, मी..." सिस्टर म्हणाली.

"तुम्ही तुमचं करा, सिस्टर," प्रेमलताबाई मान वर न करता म्हणाल्या. त्या बाळाची पाठ चोळत होत्या, तळव्यांवर टिचक्या मारत होत्या. "मी माझं करते."

"क्लेमेंटीन, नाव सांग. मुलगी आहे."

नाव नव्हतं. नऊ महिने तिने नावाला मनाच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं. नाव ठेवलं की ते माणूस होतं, आणि माणूस गेलं की जड जातं. आता सगळे थांबले होते आणि तिच्या तोंडात काहीच येत नव्हतं. मागून सासूचा श्वास तिच्या मानेवर आपटत होता, रडण्याचा, दाबलेला.

"सालोमी," ती म्हणाली. "सालोमी ठेवा."

"सालोमी," सिस्टरने त्या इवल्या कपाळावर पाणी सोडलं, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

प्रेमलताबाईंनी नळी पुन्हा एकदा ओढली. बाळाच्या तोंडाला तोंड लावून, अगदी हलकेच, गालात मावेल एवढीच हवा फुंकली. पुन्हा फुंकली. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी भांडं पाडलं. तो आवाज खूप लांबून आल्यासारखा वाटला.

मग मांजराच्या पिल्लासारखा एक चिरका, चिडका आवाज आला. थांबला. आणि मग मुलगी रडायला लागली. खरं, गळा ताणून, सगळ्या बंगल्याला ऐकू जाईल असं.

लुईस मनाई असतानाही दार उघडून आत आला आणि त्याला कोणी बाहेर काढलं नाही.

प्रेमलताबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांना हिरवं लागलं होतं. त्यांनी कोटाच्या बाहीने पुसलं. "अजून दोन-तीन दिवस बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "छातीत काही गेलं असेल तर ताप येईल. मी खोटी आशा दाखवणार नाही. पण आत्ता ती श्वास घेतेय."

भीती त्या दिवशी संपली नाही. क्लेमेंटीन खाटेवर बसून राहायची, झोपायची नाही. मुलीच्या छातीवर तळहात ठेवून ती वर-खाली होतेय का बघायची. दुसऱ्या दिवशी मुलीचं अंग तापलं, श्वास भरभर चालू लागला, नाकपुड्या फुलायला लागल्या. सुया दिल्या. सासू खाटेशेजारी स्टुलावर बसून रोजरी ओढायची, आणि नातीला "सालोमी" म्हणायची वेळ आली की लाजून "बया" म्हणायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मुलगी पहिल्यांदा ओढून, आवाज करून दूध प्यायली तेव्हा क्लेमेंटीन एवढी रडली की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, काही वाईट झालं.

घरी निघायच्या दिवशी एक पहिलटकरीण आली. रिटा नाव. तोंड पांढरंफटक पडलेलं. सिस्टरने तिला टबाबद्दल सांगितलं होतं आणि ती बाकावर बसून तिकडे न्हाणीच्या दाराकडे बघत होती. क्लेमेंटीन मुलीला घेऊन बाहेर पडत होती, तेव्हा रिटाने तिचा पदर धरला.

"तुम्ही बसला होतात ना त्यात? दुखत नाही म्हणतात, खरं आहे?"

क्लेमेंटीनने खोटं सांगायचा विचार केला. मग म्हणाली, "दुखतं. पण सोसवतं."

"आणि भीती?"

बाहेर टांगा उभा होता. लुईस हाक मारत होता. क्लेमेंटीन तिच्या शेजारी बाकावर बसली आणि रिटाचा गार पडलेला हात हातात घेतला.

"थांब जरा," तिने लुईसला सांगितलं. "हिची कळ जाऊ दे."